सांगितल्याशिवाय बैल उठत नाहीत

मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर तुम्ही शेवटचा जो खेळ घेतला, तो हजारो खेळांमधून नेमका तुमच्यासमोर कोणी आणून ठेवला, हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

मीही विचारलं नव्हतं. खेळांशी माझा संबंधच नव्हता. ज्या वयात बाकीची मुलं खेळतात त्या वयात मी पत्रकांच्या घड्या घालत होते. बाबा यवतमाळला एका सरकारी कार्यालयात कारकून होते आणि संध्याकाळी पत्रकं लिहीत. वाचनालय रविवारी बंद का? बसथांब्यावर सावली का नाही? मुलींच्या वसतिगृहात गरम पाणी का येत नाही? गुलाबी नाहीतर पिवळा पातळ कागद असायचा, आणि घड्या घालताना त्याचा रंग अंगठ्याला लागायचा. तो अंगठा घेऊन मी शाळेत जायची.

बाबांचे पत्रकाबद्दल दोनच आग्रह होते. सुरुवात वाचणाऱ्याला टोचेल अशा प्रश्नाने करायची आणि शेवटी त्याला काहीतरी करायला सांगायचं. "माणसाले नुसतं चिडवून सोडून द्यायचं नाही," ते म्हणत. "काम नाही दिलं तर तो घरी जाऊन भांडे आपटते."

माझी मैत्रीण मला एका पत्रकामुळेच भेटली. विषय वसतिगृहातल्या गरम पाण्याचा होता. मी फाटकापाशी उभी राहून पत्रकं वाटत होते. बाकीच्या मुली घेऊन पुढे जात होत्या. ही एकटी तिथंच थांबली, खांद्यावर टॉवेल टाकून तिने ते वरून खालपर्यंत वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"लय लंबं हाय वं," ती म्हणाली. "हे वाचून होईपर्यंत थंड्या पाण्यानं दोन पोरी आंघोळ करून निघतेत."

मी चिडले. मग हसले. तेव्हापासून आम्ही एकत्र आहोत, आणि माझं कुठलंही लिखाण तिच्या हातून गेल्यावर अर्धं होतं.

ती कळंबच्या पुढच्या एका तांड्यातली. एके काळी तिचे लोक बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून मुलूख पालथा घालत. त्या फिरत्या व्यापाराला ते लदेणी म्हणतात. आता कित्येक पिढ्यांपासून तांडा एका जागी आहे, शेती करतो. तिने मात्र लदेणी सोडली नाही. दिवसा ती लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसायची. कापसाचा हंगाम ओसरला की गाड्या कमी होत, आणि काट्याच्या त्या छोट्या खोलीत ती लॅपटॉप उघडून बैल चालवायची. एकटीने केलेला खेळ होता तो. चित्रं तिची, कोडिंग तिचं. कंपनीशिवाय एकट्यादुकट्याने केलेल्या अशा खेळांना इंडी गेम म्हणतात. दुकानाच्या पानावर खेळाबद्दल जो मजकूर लागतो, तेवढा लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं.

खेळ साधा होता. पहाट झाली आहे. तांड्यात बैल लादून बसवलेले आहेत. तुम्ही एक तरुण मुलगी आहात आणि तुमच्या हातात पुढच्या बैलाचा कासरा आहे. तो बैल उठला की त्याच्या मागे सगळे उठतात. मग वाट, पाणी, बाजार, ऊन, दुसरा बाजार. खेळात कोणी कोणाला मारत नाही. फार तर एखादी गोणी भिजते आणि मीठ जातं.

दुकानांचं गणित मला तिनेच समजावलं. ऑनलाइन खेळ विकणारी दुकानं साधारण दोन तऱ्हेची असतात. एक मोठी. तिथं तुम्ही तुमची ओळख पटवून द्यायची, शुल्क भरायचं, खेळ पाठवायचा. ते पाहतात की खेळ सुरू होतो का, बंद होतो का, पानावरची चित्रं खेळातलीच आहेत का, आत काही निषिद्ध नाही ना. झालं. आठवडी बाजारात पाल टाकायला जागा मिळावी तशी जागा मिळते. पण पाल रस्त्याच्या तोंडाशी पडेल की पार कुंपणापाशी, हे तो बाजार रोज नव्याने ठरवतो. तुमच्या पालापाशी किती जण थांबले, किती जणांनी 'नंतर घेऊ' म्हणून खूण करून ठेवली, किती जणांनी घेऊन खेळून दोन शब्द लिहिले, यावरून. कोणी थांबलं नाही तर उद्या तुमचं पाल आणखी मागे. मागे गेलं म्हणून आणखी कोणी थांबत नाही.

दुसरं दुकान लहान असतं. चार-सहा माणसं आलेला प्रत्येक खेळ स्वतः खेळतात आणि थोडेच निवडतात. त्यांनी निवडलं की ती माणसं तो खेळ दर्शनी फळीवर मांडतात, त्याच्याबद्दल आपल्या शब्दांत लिहितात, आणि त्यांचे ग्राहक त्यांच्या शब्दावर घेतात.

मोठ्या दुकानाने आमचा खेळ पहिल्याच फेरीत घेतला. मला पेढे आणायचे होते. ती म्हणाली, "थांब ना वं. इथं त सगळेच येतेत. त्यायनं फक्त पाह्यलं का बैल दिसते. माह्या बैलासंग कोणी चालून नाही पाह्यलं."

तिला ते लहान दुकान हवं होतं. कोणत्या तरी दूरच्या देशात, तिच्या तांड्याचं नावही ज्यांनी ऐकलेलं नाही अशा माणसांनी तिच्या बैलाबरोबर चालावं आणि म्हणावं की हो, हे आम्ही आमच्या फळीवर ठेवतो. तांड्यात तिने सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं की आपली लदेणी दुकानात लागणार आहे. तिच्या याडीने, म्हणजे आईने, शेजारणींना सांगितलं होतं. आता माघार घ्यायची सोय नव्हती.

त्या दुकानासाठी मी जो मजकूर लिहिला त्याची सुरुवात अशी होती: 'मिठाचा खरा इतिहास तुमच्यापासून कोणी लपवला?' तिने तो वजनकाट्यावर बसून वाचला. बाहेर एक ट्रॅक्टर उभा होता.

"हे वाचून मले मोर्चात गेल्यासारखं वाटून राह्यलं," ती म्हणाली. "खेळात करायचं काय, थे कुठं हाय याच्यात?"

"लोकांना आधी जाग यायला पाहिजे."

"अवं, पहाटच हाय खेळात. उठतेत थे आपोआप. तू सांग फक्त, बैल हाय, मीठ हाय, वाट हाय."

तरी तिने माझी दोन वाक्यं ठेवली, मला वाईट वाटू नये म्हणून. मी मराठी लिहिलं, दोघींनी मिळून इंग्रजी केलं आणि खेळ पाठवला.

उत्तर आलं ते सभ्य होतं. हे मला नंतर पटलं. त्या दिवशी नाही. त्यांनी लिहिलं होतं की चित्रं फार सुंदर आहेत. खेळ सुरू केला. गावात पहाट झाली, बैल बसलेले दिसले. आम्ही कासरा ओढला, बैल उठला नाही. इकडेतिकडे चालून पाहिलं, उठला नाही. दुसऱ्या सहकाऱ्याला बसवलं, त्याच्याकडूनही उठला नाही. खेळात बिघाड असावा असं वाटतं. दुरुस्त करून पुन्हा एकदा पाठवू शकता. त्यानंतर मात्र आम्ही तोच खेळ पुन्हा तपासत नाही. आणि हे मुद्दाम केलं असेल, तर हा खेळ आमच्या ग्राहकांसाठी नाही.

लोहाऱ्याच्या टपरीवर चहा घेताना तिने मला ते तिच्या फोनवर दाखवलं. मी वाचत होते तोवर तिने चहात बिस्किट बुडवलं आणि ते तुटून आत पडलं. तिने ते काढलंही नाही.

"बिघडला नाही ना वं थो," ती म्हणाली. "त्यायनं कोनालेच राम राम नाही केला."

इथं तांड्याची रीत सांगायला हवी. तिच्या तांड्यात कोणी लांब निघालं, कामाला असो, शिकायला असो, पांढरकवड्याहून ट्रकवर हैदराबादकडे असो, की ते आधी दारोदार जातं. आधी नायकाकडे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाकडे, मग एकेका घरी. राम राम करायचा, क्षणभर टेकायचं, पाणी प्यायचं, निघतो म्हणून सांगायचं. ती इंजिनीयरिंगला यवतमाळला आली तेव्हाही सगळ्या दारी पाणी पिऊन आली होती आणि बसमध्ये तिचे हाल झाले होते. न सांगता जाणारा माणूस पळून गेला असं धरतात. तेव्हा तिच्या खेळात पुढचा बैल तुम्ही सगळ्यांना सांगून आल्याशिवाय उठत नाही. आणि हे पडद्यावर कुठंही लिहिलेलं नाही. मी एकदा सुचवलं होतं, एक ओळ टाकू या. ती म्हणाली होती, "तांड्यात कोणी पाटी लावते काय, इथं राम राम करा म्हणून?"

तुम्ही विचाराल, खेळ कोणाला खेळायला देऊन तपासला नव्हता का? तपासला होता, भरपूर. तांड्यातच. तिच्या चुलत बहिणी, शेजारणी, शाळेतली पोरं, खुद्द नायक. प्रत्येकाने खेळ सुरू केला आणि कासऱ्याला हात न लावता आधी झोपड्या फिरायला सुरुवात केली. कोणाच्या मनात दुसरं काही आलंच नाही. नायक तर सगळ्यांना राम राम करून आला आणि म्हणाला, "एक घर राह्यलं, थे बंद हाय काय?" ते घर चित्रात नुसतं मागे काढलेलं होतं. तिने त्याच आठवड्यात त्याला दार बसवलं. एकही माणूस अडकला नाही, म्हणून आम्हाला वाटलं की अडकण्यासारखं काही नाहीच.

मी घरी आले आणि लिहायला बसले. खुलं पत्र. 'आपण कधी कोणाच्या दारातून निरोप घेऊन निघाला आहात का?' इथून सुरुवात. मी त्यांना विचारलं की थांबणं म्हणजे बिघाड हे कोणी ठरवलं. कळ दाबली की जग हललं पाहिजे ही सवय कोणाची, आणि ती सवय नसलेल्यांनी आपल्या गोष्टी कुठं विकायच्या? फळी तुमची आहे म्हणून पहाटही तुमचीच काय? मला ते पत्र आवडलं होतं. अजूनही त्यातलं काही खोटं वाटत नाही. ज्यांच्या हातात निवड असते त्यांना एकाच तऱ्हेची सुरुवात ओळखू येते, आणि मग जगात तेवढीच एक सुरुवात उरते.

दुसऱ्या दिवशी तिने ते वाचलं. पूर्ण वाचलं, हेच नवल.

"पाठवू नको," ती म्हणाली.

"काहून?"

"त्यायनं खोटं कुठं लिहिलं? बैल नाही उठला, असं लिहिलं. नव्हताच उठला."

"म्हणजे तू झुकणार?"

"मी विचार करून राह्यली. तू भाषण देऊन राह्यली. दोन कामं हायत न वं."

विचार करून तिने जे केलं ते मला मुळीच आवडलं नाही. तिने सगळी सुरुवात कापली. आता कासरा ओढला की बैल उठायचा, घंटा वाजायची, तांडा मागे पडायचा. खेळ छान पळत होता. पाठवायच्या आधी याडीला दाखवते, एवढंच ती म्हणाली. मी बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मीही येतो." निवृत्तीनंतर त्यांना कुठेही जायला झोळा खांद्यावर टाकण्यापुरतंच निमित्त लागतं. शिवाय त्या तांड्यात ते फार पूर्वी पत्रकं वाटायला गेले होते. "तिथं माझं एकही पत्रक कोणी घेतलं नव्हतं," ते म्हणाले, आणि झोळा शोधायला उठले.

रविवारी आम्ही एसटीने कळंबला उतरलो आणि ऑटोने तांड्यात गेलो. घरापुढे निंबाखाली बाज टाकलेली होती. लॅपटॉप बाजेवर ठेवला. याडी तुरीच्या दाण्यातले खडे निवडत होती. सूप मांडीवर ठेवूनच ती पाहायला सरकली. आपसात मायलेकी गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, बोलतात. आम्ही असलो की याडी आमच्यासाठी वऱ्हाडीत येते.

लेकीने कासरा ओढला. बैल उठला. तांडा मागे पडला. पुढचा माळ आला.

याडी थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे कोनाले सांगून निघाले?"

"कोनाले नाही, याडी. दुकानवाल्यायले घाई हाय."

"घाई हाय त दुकानात बसा म्हणा. बैलासंग कायले येता?"

आणि ती पुन्हा सुपाकडे वळली. विषय संपला. माझ्या मैत्रिणीचा चेहरा मी पाहिला आणि मला माझं खुलं पत्र आठवलं. माझ्या सगळ्या परिच्छेदांचं काम याडीने खडे वेचता वेचता केलं होतं. पण त्याने प्रश्न सुटत नव्हता. बैल उठला तर खेळ तिचा राहत नव्हता. नाही उठला तर दुकानात जात नव्हता. आणि पाठवायची संधी एकच उरली होती.

तेव्हा बाबा म्हणाले, "मले तो आधीचा दाखव ना बेटा. मी पाह्यलाच नाही तो."

तिने आधीचा खेळ लावला. बाबा बाजेवर मांडी घालून बसले, चष्मा वर केला, आणि सुरू केलं. पहाट झाली. त्यांनी कासरा ओढला. बैल बसलेला. पुन्हा ओढला. मग त्या मुलीला तांड्याच्या मधोमध आणून उभं केलं आणि थांबले. कोणाच्या दाराशी गेले नाहीत. सगळ्या झोपड्यांतून धूर निघत होता, माणसं बसलेली होती, आणि ही मुलगी मधोमध नुसती उभी. बाबा पत्रकं वाटायला जातात तेव्हा अगदी तसेच उभे राहतात. कोणीतरी येऊन घेईल म्हणून.

"काका, काही विचारायचं हाय काय?" मैत्रिणीने विचारलं.

"नाही, नाही. पाहून राह्यलो."

ती मुलगी उभीच. याडीची बोटं सुपात चालली होती, पण नजर सारखी पडद्याकडे जात होती. मला वाटलं तिला हसू येतंय. हसू नव्हतं. तिला ते बघवत नव्हतं. शेवटी तिने मूठभर तूर सुपात टाकली आणि पडद्याकडे पाहून जोरात हाक मारली.

"आव, बेस! पाणी पी!"

ये, बस, पाणी पी. दारात आलेल्या परक्याला मारतात तशी हाक. पडद्यावरच्या मुलीला. आणि गंमत अशी की बाबा आधीच बाजेवर बसलेले होते, तरी ते दचकून थोडे सरकले आणि नीट बसले.

मग बाबा हसायला लागले. "हेच. मी आलतो ना तेव्हा इथं? पत्रकाचा गठ्ठा घेऊन तिथं त्या वळणावर उभा होतो. कोणी घेईना. मग एका बाईनं अशीच हाक मारली. बसलो, पाणी प्यालो. मग सगळे आले. पत्रक त्यायले वाचता येत नव्हतं, म्हणून मले बसून वाचून दाखवा लागलं."

माझी मैत्रीण त्यांच्याकडे नाही, आईकडे बघत होती. तांड्याला रीत न माहीत असलेल्या माणसाचं काय करायचं, तेही तांड्याला माहीतच होतं. त्याला पाटी दाखवायची नाही. त्याच्यासाठी बैलही उठवायचा नाही. हाक मारायची.

"याडी, हे पुन्हा म्हण," ती फोन काढत म्हणाली.

"नाही."

हा नकार जुना होता. खेळात आवाज दे म्हणून लेक वर्षभर मागे लागली होती आणि याडीचं उत्तर ठरलेलं होतं: "माहा आवाज दुकानात ठेवता? लोणचं हाय काय थो?" आता ती म्हणाली, "मी खेळाले नाही बोलली. त्या उभ्या माणसाले बोलली."

पुष्कळ विनवण्या झाल्या. शेवटी ती फोनसमोर ताठ बसली, पदर सारखा केला, आणि 'आव, बेस, पाणी पी' असं म्हणाली की जणू एसटी स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा. पुन्हा. तसंच. समोर कोणी उभं नसताना तिला हाक मारता येईना.

बाबा उठले. झोळा खांद्यावर टाकला. "मी तिकडून येतो," म्हणाले आणि वळणापर्यंत चालत गेले. तिथून परके होऊन आले, निंबाच्या अलीकडे उभे राहिले, अवघडून. याडीने हाक मारली. ती छान होती, पण मधेच कोंबडं ओरडलं. बाबा परत गेले. पुन्हा आले. या वेळी याडीला हसू फुटलं. पुन्हा गेले. शेजारणी जमल्या. एकीने विचारलं, "हे भाऊ काहून येऊन जाऊन राह्यले? पत्ता सापडून नाही राह्यला काय?" पुढच्या वेळी याडी खरंच वैतागली होती, आणि ती हाक सगळ्यांत चांगली आली. थोडी रागाची, थोडी मायेची, जशी असते तशी.

"झालं," लेक म्हणाली.

"आता खरंच पाणी प्या, भाऊ," याडी बाबांना म्हणाली. "दमले तुम्ही."

नवीन खेळात तिने काहीही कापलं नाही. बैल तसाच हट्टी राहिला. फक्त तुम्ही नुसते उभे राहिलात, किंवा कासरा ओढत बसलात, की एका झोपडीतून ती हाक येते. तरी नाही ऐकलं तर दाराशी पाण्याचा तांब्या येऊन बसतो. तुम्ही बसलात की शेजारच्या दारातलं माणूस हात वर करतं. एवढ्यावरून कळतं. शब्द गोरबोलीतलेच ठेवले. खाली अर्थही दिला नाही. ती म्हणाली, "बस म्हटलेलं कोनालेही समजते."

दुकानाच्या पानासाठी मी नवा मजकूर लिहिला. बैल आहे, मीठ आहे, वाट आहे, निघायच्या आधी सगळ्यांना भेटा. तिने त्यातून एक शब्दही कापला नाही. आणि सोबतचं पत्र तिने स्वतः लिहिलं, मला न दाखवता. पाठवल्यावर दाखवलं. त्यात होतं: 'बैल बिघडलेला नव्हता. पण तुम्ही आमच्या दारात उभे राहिलात आणि तुम्हाला कोणी हाक मारली नाही, ही आमची चूक झाली. आता मारली आहे.'

मी ते दोनदा वाचलं. खुलं पत्र असं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

उत्तर यायला वेळ लागला. मधल्या काळात कापसाचा हंगाम पुन्हा सुरू झाला, काट्यासमोर गाड्यांची रांग लागायला लागली, आणि ती फोन सारखा उलटा करून ठेवायची. उत्तर आलं तेव्हा मी तिथंच होते. काट्यावर गाडी चढलेली, ड्रायव्हर खिडकीतून "ताई, झालं काय?" म्हणून ओरडत होता आणि ही फोनकडे बघत होती. मग तिने फोन मला दिला आणि आधी गाडी उतरवली.

त्यांनी लिहिलं होतं: 'आम्ही बसलो. पाणी प्यालो. सगळ्यांना सांगून निघालो. बैल उठला. तुमचा खेळ आम्ही ठेवतो आहोत. ती हाक कोणाची आहे? श्रेयनामावलीत नाव दिसलं नाही.'

नाव याडीला विचारलं. ती म्हणाली, "नाव कायले? याडी लिहा. सगळ्यायलेच असते."

खेळ लागला तेव्हा काही दिवस तो त्यांच्या दर्शनी फळीवर होता. मग नवे खेळ आले आणि तो मागे सरकला, तशी रीतच आहे. हाकेचा हाच नवा खेळ तिने मोठ्या बाजारातही ठेवला होता, तिथं तर तो कधीच कुंपणाला टेकला होता. पण लहान दुकानातून त्याच्याबद्दल ऐकून काही माणसं तिथंही पोहोचली. कुठल्या तरी देशातल्या कोणी खाली लिहिलं की मी एकटा राहतो, संध्याकाळी खेळ सुरू करतो, ती बाई बस म्हणते तोपर्यंत थांबतो, आणि बंद करतो. बैल अजून उठवलाच नाही. हे आम्ही याडीला वाचून दाखवलं. तिने काळजीने विचारलं, "जेवते काय थो?"

मी अजूनही चिडते. कोणाची गोष्ट फळीवर जाते आणि कोणाची जात नाही, यावर मी अजून पत्रकं लिहिते, आणि माझी मैत्रीण अजून ती अर्धी करते. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. त्या लहान दुकानातली माणसं दुष्ट नव्हती. ती दारात उभी होती. आणि मोठ्या बाजारात तर ठरवणारं कोणी एक माणूसच नाही. तिथं रोज ठरवणारे तुम्ही आम्ही आहोत. कुठल्या पालापाशी आपण थांबलो, कुठं खूण केली, कुठं दोन शब्द लिहिले, तेवढंच तो बाजार मोजतो. मराठीत लिहिलेले शब्द त्याला क्वचितच दिसतात, म्हणून मराठी माणूस खेळतो हेही त्याला माहीत नाही.

म्हणून बाबांच्या दुसऱ्या आग्रहाप्रमाणे तुम्हाला एक काम देते. आमच्या खेळाचं नाव मी सांगणार नाही. हे त्याचं पत्रक नाही. आज तुमच्याकडे जे दुकान असेल ते उघडा. पहिलं पान सोडा, खाली खाली जा, आणि एकट्यादुकट्याने केलेला, तुम्ही कधी नावही न ऐकलेला एक खेळ शोधा. तो खेळा. सुरुवातीला काही घडलं नाही तर लगेच बंद करू नका, थोडं थांबा, इकडेतिकडे बघा. आणि मग खाली दोन ओळी लिहा. आवडला तर आवडला, नाही तर का नाही ते. मराठीत लिहा. तिकडे कोणीतरी फोन उलटा ठेवून बसलेलं असेल. त्याला हाक मारा.